जुनी डिझेल पिकअप खरंच किती पळते? स्पीडच्या नादात होणाऱ्या या चुका टाळा

जुनी पिकअप पाहायला आलेला माणूस पाटे (चाकावरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) पाहत नाही, चेसिस कुठं वेल्डिंग मारली ते पाहत नाही, पहिला प्रश्न एकच, "भाऊ, पळते किती?" अन् विकणारा पण तयारच बसलेला असते, "आरामात ११०, टेन्शनच नाही." मी आर्वी तालुक्यात राहतो, माझ्याकडं २००९ ची पिकअप आहे, सीझनला संत्र्याचे क्रेट नागपूरच्या कळमना मार्केटला नेतो अन् नंतर कापूस जिनिंगला. इतक्या वर्षांत जे समजलं ते सांगतो, त्यातल्या अर्ध्या चुका मी स्वतः केल्या आहेत.

आधी आकडा घ्या. अडीच लिटरचं इंजिन, ६०-६५ एचपी, अशी गाडी रिकामी असली, सपाट रोड असला, सगळं नीट असलं तर ९५-१०० ला जाते. जाते म्हणजे काटा तिथं पोचते, तिथं राहायचं नसते. माल भरून रोज न कुरकुरता चालणारा स्पीड ६५ ते ७५, बस. इंजिन म्हातारं झालं म्हणूनच हे होते असं नाही, हवेचा पण हिशोब आहे. स्पीड दीडपट झाला की हवेचा रेटा सव्वादोनपट होते अन् तो रेटा कापायला लागणारी ताकद जवळपास साडेतीनपट. म्हणजे ६० वर हवेसाठी जेवढे घोडे लागतात त्याच्या साडेतीनपट ९० वर लागतात, अन् वरून तुम्ही केबिनच्या दीड हात वर कापूस लादून ताडपत्री फडफडत सोडली तर मग विचारूच नका. कापसाची गाडी वजनानं नाही, हवेनं थकते.

दुसरा हिशोब गिअरचा. डिझेल इंजिनाला आरपीएमची, म्हणजे मिनिटाला किती फेरे त्याची, हद्द असते, ती ओलांडू नये म्हणून डिझेलच्या पंपात गव्हर्नर बसवलेला असते. समजा टॉप गिअर सरळ एकास एक आहे, मागच्या एक्सलचा रेशो साडेचार आहे अन् चाक एका फेऱ्यात सव्वादोन मीटरला थोडं कमी जाते, तर ३००० आरपीएमला गाडी ८५-८६ किमीवर असते, त्याच्या थोडं वर गेलं की हद्द आली. पेट्रोल कारसारखं दाबत गेलं की वाढतच जाते असं इथं होत नाही. लोकांना वाटते गाडी दबली, खरं तर तिचा हिशोबच तिथं संपते.

अन् काटा पण खोटं बोलते बरं का. स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा थोडं जास्तच दाखवते, तो बनवतातच तसा. मोबाईलवर जीपीएसचा स्पीड लावून पाहा, काट्यावरचे ८० तिथं ७४-७५ निघतात. घासलेल्या टायरवर तर अजून फरक.

आता माझी चूक ऐका. एका वर्षी गाडी अचानक ५५ च्या वर जाईना. धूर नाही, आवाज नाही, फक्त दम नाही. मी डायरेक्ट इंजिनात डिझेल फवारणारे नोझल काढायला लावले, मग पंप कॅलिब्रेशनला टाकला, चार दिवस गाडी उभी, ४८०० रुपये गेले अन् गाडी परत ५५ ला. शेवटी गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडं गेलो. त्यानं पाना पण नाही उचलला. मला म्हणे, "तू अंदर बस, इंजिन बंदच ठेव, अन् ॲक्सिलेटर पूर्ण दाब." मी दाबला. तो बोनेटमध्ये वाकून पंपाचा लिव्हर पाहत होता. "अजून दाब." म्हटलं काका, तळाला लागला. "कायचा लागला बावा, इथं बोटभर जागा बाकी हाय." मग केबिनमध्ये येऊन त्यानं पायाखालचा बारदाना ओढला. चिखल लागू नये म्हणून मीच अंथरला होता, तो घडी पडत पडत पॅडलखाली जाऊन वाळून दगडासारखा झाला होता. तो काढला अन् गाडी ७५ ला. मिस्त्रीनं चहाचे पैसे पण नाही घेतले, फक्त हसला, ते ४८०० पेक्षा जास्त लागलं.

म्हणून पहिली चूक हीच, खर्चिक पार्टपासून सुरुवात करणं. एकाला अंदर बसवून पॅडल पूर्ण दाबायला लावा, लिव्हर स्टॉपला टेकते का पाहा. जुन्या गाडीत केबल पण ताणलेली असते, तिचा नट दोन फेरे फिरवला की काम होते.

पॅडल ठीक असलं तर गाडी स्वतःच सांगते काय कमी पडून राहिलं. आरपीएम चढते, आवाज वाढते पण स्पीड वाढत नाही, म्हणजे क्लच प्लेट घसरून राहिली, चढावर जळका वास येईलच. काळा धूर अन् दम नाही, म्हणजे हवा कमी, एअर फिल्टर काढून उन्हात धरून पाहा. आपल्याकडं जिनिंगच्या आवारात उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या फिल्टरमध्ये धूळ अन् रुई मिळून अक्षरशः गोधडी झालेली असते. टर्बो असला तर त्याचा रबरी होज चिरला का ते पण पाहा, शिट्टीसारखा आवाज येते. धूरच नाही अन् दम पण नाही, तर डिझेल पोचत नाही, फिल्टर चोक, नाहीतर त्यात पाणी, नाहीतर टाकीपासून येणाऱ्या पाइपात कुठं हवा ओढून राहिली. ड्रममधून, कॅनमधून डिझेल टाकणाऱ्यांना पाण्याचा त्रास जास्त होते, पावसाळ्यात फिल्टरच्या खालचा स्क्रू ढिला करून पाणी काढत जा. कॉमनरेलवाली, म्हणजे कॉम्प्युटरनं डिझेल सोडणारी गाडी असली अन् मीटरमध्ये इंजिनचा लाइट लागून ठराविक आरपीएमच्या वर जात नसली तर तिला हात लावू नका, स्कॅनर लावून घ्या.

ब्रेक जाम हा पण मोठा चोर आहे. दहा-पंधरा किमी चालवून थांबा, चारही चाकांच्या हबवर, म्हणजे मधल्या भागावर, थोडं थोडं पाणी शिंपडा. एकच चाक चरचरलं अन् बाकीचे गप, तर चोर सापडला. हात लावून पाहू नका, एकदा लावला होता मी.

पंपाचा स्क्रू फिरवण्याबद्दल तर कळकळून सांगतो. दरवर्षी कोणी ना कोणी पंपाचं सील तोडून स्क्रू फिरवते, "दोनशे रुपयात पिकअप वाढवून देतो." डिझेल वाढते हे खरं, पण हवा तेवढीच राहते, मग न जळलेलं डिझेल काळ्या धुरात जाते, सायलेन्सर लाल होईपर्यंत गरमी वाढते, आधी हेड गॅस्केट जाते अन् मग पिस्टनचं डोकं. मॅक्स आरपीएमवाला स्क्रू फिरवला तर त्याहून वाईट, दीड-दोन लाख किमी चाललेल्या इंजिनाचे व्हॉल्व्ह स्प्रिंग अन् कनेक्टिंग रॉडचे बोल्ट त्या फेऱ्यांसाठी बनलेलेच नसतात. आठ-दहा किमी स्पीडसाठी अख्खं इंजिन डावावर.

काही जण तर फॉल्ट नसतानाच गाडी खोलतात. १ ऑक्टोबर २०१५ पासून बनलेल्या मालवाहू गाड्यांना ८० वर अडवणारा स्पीड गव्हर्नर येऊन राहिला, त्यामुळं तुमची २०१७ ची गाडी ८० ला भिंतीला लागल्यासारखी थांबते तर ती बिघडली नाही. अन् कायदा पण तेच म्हणते, मालवाहू गाडीला चारपदरी रोडवर ८० अन् बाकी रोडवर ६०. समृद्धीवर कारला १२० आहे म्हणून आपल्याला नाही.

आता टायर. उन्हाळ्यात आपल्याकडं पारा ४५ च्या वर जाते, डांबर त्याहून तापलेलं, अन् त्यात कमी हवेचा टायर ९० वर पळवला की त्याची कड लवून लवून आतून भाजते अन् फुटते. हवा सकाळी टायर थंडा असताना पाहा. रस्त्यात गरम टायरची हवा जास्त वाटली म्हणून सोडायची नाही, थंडा झाल्यावर तो कमी भरते. टायरच्या कडेला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा, त्या टायरची बटणं (वरची नक्षी) कितीही चांगली दिसू दे, रबर म्हातारं झालं. तिथंच स्पीडचं अक्षर पण असते, जे म्हणजे १००, के म्हणजे ११०, एल म्हणजे १२०. घासलेल्या टायरवर नवीन रबर चढवलेला टायर पुढं कधीच लावू नका.

७०-७५ ला स्टिअरिंग थरथरते तर व्हील बॅलन्सिंग करा, पायाखालचा पत्रा थरथरते तर मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस (सांधा) नाहीतर सेंटर बेअरिंग. लोक काय करतात, त्या स्पीडच्या वर निघून जातात कारण वर थरथर कमी होते. अरे पण क्रॉस तुटला तर शाफ्ट रोडवर टेकते ना.

अन् थांबायचा हिशोब कोणीच करत नाही. ब्रेक बऱ्यापैकी असले तर ६० वरून गाडी साधारण २८ मीटरमध्ये थांबते, ८० वरून ५०, १०० वरून जवळपास ८०, अन् यात पाय ब्रेकवर जायचा वेळ धरलाच नाही. वरून टनभर माल. मधात म्हैस आली, समोरून बिनालाइटचा ट्रॅक्टर आला, तर ८० मीटर कुठून आणायचे? तळेगावजवळच्या सत्याग्रही घाटात डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे पण पाहतो मी, अन् खाली पोचेपर्यंत ब्रेक तापून नरम झालेले असतात. गिअरमध्ये पाय उचलला तर तसंही पंप डिझेल जवळपास बंदच करते, म्हणजे वाचवलं काहीच नाही.

बरं, वेळ तरी किती वाचते? १०० किमीला ६५ नं दीड तास, ८५ नं सव्वा तासाला थोडं कमी, म्हणजे कागदावर वीसेक मिनिटं, ते पण मधात एकही गाव, टोल, गतिरोधक नसला तर. कळमन्यात त्याच्यापेक्षा जास्त वेळ गाडी खाली व्हायच्या लायनीत जाते.

जुनी गाडी घेत असाल तर रिकामी पळवून पाहू नका, रिकामी सगळ्याच पळतात. आठ-दहा क्विंटल सोयाबीनचे पोते टाका, हायवेवर टॉप गिअरमध्ये ७० वर दहा मिनिटं धरा, टेम्परेचरचा काटा चढते का पाहा, आरशात धूर पाहा, मग थांबून हबवर पाणी शिंपडा. विकणारा म्हणाला की "माल टाकून कायले पाहता, फक्त स्पीड पाहा ना", तर त्याला रामराम करून तिथूनच परत या.