सात आसनी गाडी घेण्यापूर्वी तिसऱ्या रांगेत बसून पाहावे
नाशिकमध्ये कुटुंबासाठी सात आसनी गाडी पाहताना बहुतेकजण चालकाच्या आसनावर बसूनच निर्णय घेतात. माझ्या मते खरी पारख तिसऱ्या रांगेत होते. घरातील सर्वांत उंच व्यक्तीला तेथे बसवावे, मधली रांग नेहमीच्या जागी आणावी आणि गुडघे, डोके व एसीची हवा यांचा अंदाज घ्यावा. आजी-आजोबांना मात्र मधल्या रांगेतच बसवणे योग्य, कारण मागे शिरताना बरेच वाकावे लागते.

दुसरा प्रश्न सामानाचा. मारुती एर्टिगामध्ये तिन्ही रांगा उभ्या असताना मागे केवळ 209 लिटर जागा उरते, आणि सीएनजी प्रकारात टाकीमुळे तीही आक्रसते. त्यामुळे सातजण आणि सर्वांच्या बॅगा एकाच वेळी मावतील, असे गृहीत धरू नये. चाचणीसाठी शक्य असल्यास पूर्ण कुटुंब घेऊन पांडवलेणीकडच्या उड्डाणपुलाच्या चढावर गाडी चालवावी, कारण एकट्याने चालवलेली गाडी भरल्यावर वेगळीच वागते.

कसारा घाटातून किंवा नांदुरीहून सप्तशृंगी गडावर जाण्यापूर्वी टायरमधील हवा पूर्ण भारासाठी दिलेल्या आकड्याइतकी ठेवावी. तो तक्ता सहसा चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवर असतो. उतारावर सतत ब्रेक दाबून न ठेवता खालचा गिअर वापरावा, अन्यथा भरलेल्या गाडीचे ब्रेक तापून त्यांची पकड कमी होते.