पाऊस चार महिने, गाड्या बारा महिने: स्थानकावर पाणी वापरताना या चुका टाळा

कोकणात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तरीही एप्रिल उजाडला की वाड्यावाड्यांवर टँकर फिरू लागतात. जमीन उताराची आणि जांभा सच्छिद्र. मुरलेलं पाणीसुद्धा फार थांबत नाही, ओहोळांतून खाडी गाठतं. रोह्यापासून ठोकूरपर्यंतच्या कोकण रेल्वेची बहुतेक स्थानकं अशाच जमिनीवर आहेत. त्यात मे म्हणजे चाकरमान्यांचा महिना. सुट्टीच्या जादा गाड्या, फलाटांवर तोबा गर्दी आणि विहिरी तळाला. गणपतीतही गर्दी असते, पण तेव्हा निदान आभाळ मदतीला असतं. तेव्हा स्थानकाचं पाण्याचं गणित मे महिना धरूनच मांडायला हवं.

शोषखड्डा खणला, काम झालं

देशावर जे चालतं ते इथे जसंच्या तसं चालत नाही. वर मुरवलेलं पाणी काही आठवड्यांत खाली झऱ्यातून बाहेर पडतं. खालच्या वाडीला त्याचा फायदा होतो, स्थानकाच्या बोअरवेलला होईलच असं नाही. आणि रुळांसाठी डोंगर कापला आहे त्याच्या माथ्यावर शोषखड्डा तर कधीच नको. पाण्याने जड झालेला उतार पावसाळ्यात रुळांवर येतो, ही धास्ती इथल्या प्रत्येक गँगमनला ठाऊक आहे.

छपराचं पाणी साठवणं जास्त फायद्याचं. ५०० चौरस मीटर छपरावर ३,००० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला २० टक्के वाया गेला असं धरलं, तरी १२ लाख लिटर होतात. एवढी टाकी कोणी बांधणार नाही, बांधायची गरजही नाही. पावसाळाभर शौचालयं आणि फलाट धुणं याच पाण्यावर चालवा, विहिरीला विसावा द्या. परतीच्या पावसात टाकी एकदा काठोकाठ भरून झाकून टाका. मृगाच्या पहिल्या सरी मात्र टाकीत घेऊ नका. वर्षभराची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा त्यातच येते.

पन्हळी साफ करायला माणूस छपरावर चढवण्याआधी एक गोष्ट बघा. २०२२ पासून हा सगळा मार्ग विद्युतीकृत आहे आणि वरच्या तारेत २५,००० व्होल्ट आहेत. पॉवर ब्लॉक घेतल्याशिवाय, म्हणजे तारेतली वीज रीतसर बंद करून घेतल्याशिवाय, फलाटाच्या शेडवर कुणी जायचं नाही, पाण्याचा पाइप घेऊन तर नाहीच.

डबा भरला, पाइप तसाच

गाडीत पाणी भरताना सर्वात जास्त नासाडी इथे होते. एक माणूस, पाचसहा डबे आणि गाडी सुटायची घाई. पहिल्या डब्याची टाकी ओसंडते तेव्हा तो चौथ्या डब्याशी असतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पाइपच्या तोंडाशी हाताने बंद होणारा व्हॉल्व्ह बसवा आणि दाब वाढवून भरण्याचा वेळ कमी करा. एप्रिलमध्ये सगळीकडे गवत वाळलेलं असताना हायड्रंटखालची (डब्यांत पाणी भरायच्या नळाखालची) खडी हिरवी दिसली, तर गळती तिथेच आहे. मिनिटाला एक लिटर म्हणजे दिवसाला १,४४० लिटर.

नळ कोरडा म्हणजे टाकी रिकामी, असंही नाही. एलएचबी, म्हणजे नव्या पद्धतीच्या डब्यांच्या मुख्य टाक्या खाली असतात आणि पंप पाणी वर चढवतो. पंप बंद असेल किंवा पाइपात हवा अडकली असेल, तर खाली पाणी असूनही वर थेंब येत नाही. प्रवाशांनी १३९ वर तक्रार करताना डबा क्रमांकासोबत कोणता नळ कोरडा आहे तेही सांगावं. एकच असेल तर दोष बहुधा त्या नळाचा, सगळेच असतील तर टाकी आणि पंप तपासा.

मीटर नाही, अंदाज आहे

रात्री वर्दळ थांबली की पंप बंद करून उंच टाकीतल्या पातळीवर खडूने खूण करा आणि पहाटे पुन्हा बघा. मधल्या वेळात कुठली गाडी भरली असेल तर ते पाणी वजा करा. बाकीची घट फ्लशचे नळ आणि जमिनीखालच्या जुन्या लोखंडी वाहिन्यांत शोधा. खर्च खडूपुरता. मीटर बसवायचा प्रस्ताव मंजूर होईपर्यंत एवढं करायला कुणाची परवानगी लागत नाही.

पाणी कमी पडलं, उपसा वाढवा

खाडीजवळच्या विहिरीत हा उद्योग महागात पडतो. गोडं पाणी खाली गेलं की खारं आत सरकतं. चव मचूळ लागली तर उपसा त्याच दिवशी कमी करा. एकदा खारावलेली विहीर गोडी व्हायला कित्येक पावसाळे जातात.

जैवशौचालयात फिनेल

डब्यातल्या जैवशौचालयाच्या टाकीत मैला पचवणारे जिवाणू असतात. फिनेल, अॅसिड ओतलं की ते मरतात. बाटली, गुटख्याची पुडी किंवा डायपर टाकला की तोंड तुंबतं. मग वास येतो आणि वास घालवायला लोक नळ सोडून ठेवतात. तुंबारा तसाच राहतो आणि पुढच्या स्थानकापर्यंत डब्यातलं पाणी संपतं. वास आला तर नळ न सोडता गाडीतल्या सफाई कर्मचाऱ्याला बोलवा.