मेजोराज मास्क: कुठलं रूप कधी घ्यायचं

२००० सालचा हा झेल्डा गेम नवीन सुरू केला असेल तर पहिलं काम म्हणजे ओकारिना (फुंकून वाजवायचं छोटं वाद्य) परत मिळवा आणि त्यावर सॉंग ऑफ टाइम ही धून उलटी वाजवा, घड्याळ एकदम हळू होतं, मग गेममध्ये मिळणारे ३ दिवस छान पुरतात. पैसे क्लॉक टाऊन या गावाच्या बँकेत टाका, तीच धून सरळ वाजवून काळ पहिल्या दिवसावर मागे नेला की खिशातले सगळे जातात पण बँकेतले राहतात.

मास्क घातला की रूप बदलतं. डेकू, म्हणजे छोट्या लाकडी प्राण्याच्या रूपात पाण्यावर ५ उड्याच मिळतात, पुढचं टेकायचं ठिकाण बघूनच निघा. गोरॉन, म्हणजे दगडासारखं जाडजूड रूप, लोळत सुसाट जातो, पण काटे बाहेर आले की मॅजिक संपत राहतं. पोहायला मात्र माशासारखं झोरा रूपच, काय भारी वाटतं ते!