इनबॉक्सची बारनिशी

पंचायत समितीत कनिष्ठ सहायक म्हणून हजर झाले तेव्हा माझ्याकडे एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र होतं, मराठी ३० चं टायपिंग होतं आणि ईमेल आपल्याला येतो असा पक्का समज होता. आस्थापना शाखा मिळाली, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नेमणुका-बदल्या-वेतनवाढीची कामं. पहिल्याच दिवशी वरिष्ठ सहायक भाऊसाहेबांनी चिटोऱ्यावर कार्यालयाचा ईमेल आणि पासवर्ड लिहून दिला आणि म्हणाले, "मॅडम, आजपासून मेल तुम्ही बघायचे." बघायचे म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. इनबॉक्स उघडला तर न वाचलेले मेल चार हजारांच्या वर.

सरळसेवेतून नुकतीच नेमणूक मिळालेल्या, आणि टेबलावर फायलींच्या शेजारी एक संगणकही आंदण मिळालेल्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. मी आधी ठेच खाल्ली आणि मग शिकले, त्यामुळे तिथूनच सुरुवात करते.

तिसऱ्या महिन्यात ग्रामसेवकांच्या सेवाज्येष्ठता यादीवरचे आक्षेप मागवणारं पत्र जिल्ह्यावरून मेलने आलं. ते मी पाहिलंच नाही. मग एक स्मरणपत्र, मग दुसरं, आणि दुसऱ्यासोबत माझ्या नावाची कारणे दाखवा नोटीस. "मेल निदर्शनास आला नाही" असा खुलासा लिहून मी साहेबांसमोर उभी राहिले. साहेबांनी स्वतः इनबॉक्स उघडून दाखवला. मेल आला होता आणि कुणीतरी रात्री नऊ वाजता मोबाइलवर उघडलाही होता. कार्यालयाचा मेल तेव्हा तिघांच्या मोबाइलवर चालू होता. ज्याने उघडला त्याला ते पत्र आपल्या शाखेचं वाटलं नाही. त्याने बंद केलं आणि तो जेवायला बसला. ठळक अक्षरं साधी झाली आणि सकाळी माझ्या लेखी ते पत्र जुनं झालं.

त्या दिवशी बारनिशीतल्या, म्हणजे टपालाची आवक-जावक नोंदवणाऱ्या टेबलावरच्या काकांनी मला त्यांच्या टेबलाशी बसवलं. निवृत्तीला वर्ष राहिलेले काका मेल उघडायलाही आमच्यापैकी कुणाला तरी हाक मारायचे. टपालात आलेलं एक पाकीट माझ्यासमोर फोडलं, गोल शिक्का मारला, आवक नोंदवहीत क्रमांक टाकला, तारीख टाकली, कुणाच्या टेबलाचं ते लिहिलं आणि पत्र देताना माझी सही घेतली. म्हणाले, "आता हे हरवलं तर कुणाकडे हरवलं ते तरी कळेल. तुमच्या त्या मेलला यातलं काय आहे?"

काहीच नव्हतं. मेल इनबॉक्समध्ये पडला म्हणजे कार्यालयात आवक झाली, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

म्हणून पहिलं काम हे करा, आणि सॉफ्टवेअर शिकायच्या आधी करा. कार्यालयाचा मेल एकाच टेबलावर, ठरलेल्या वेळी उघडायचा. आम्ही सकाळी साडेदहा आणि दुपारी साडेतीन ठरवलं. बाकीच्यांच्या मोबाइलवरून तो काढून टाकला (थोडी नाराजी झाली, होऊ द्या). जो मेल कार्यवाहीचा आहे त्याला कागदी पत्रासारखाच आवक क्रमांक द्यायचा. नोंद साध्या एक्सेलमध्ये चालते: क्रमांक, तारीख, कुणाकडून, विषय, टेबल, मुदत, निकाली दिनांक. ज्या टेबलाचा मेल असेल त्याला पुढे पाठवताना विषयात तो क्रमांक लिहायचा. वाचलेला मेल आणि झालेला मेल यातला फरक संगणकाला कळत नाही, तो या वहीत कळतो.

जिथे ई-ऑफिस, म्हणजे फायली संगणकावरच फिरवायची प्रणाली आहे तिथे ही सोय आत बांधलेलीच असते. एनआयसीच्या (केंद्र सरकारच्या संगणक संस्थेच्या) त्या प्रणालीत टपाल डायरीत घेतलं की त्याला क्रमांक मिळतो, ते नस्तीत म्हणजे फायलीत लावता येतं आणि कुणाकडे किती दिवस पडलंय ते दिसतं. टिपणीही पिवळी म्हणजे कच्ची असेपर्यंतच खोडता येते, हिरवी म्हणजे पक्की झाली की झाली. पण ई-ऑफिस असूनही मेल बाहेरच्या बाहेर फिरणारी कार्यालयं मी पाहिली आहेत. टपाल आत घेतलंच नाही तर प्रणाली काय करणार?

आता वर्गवारी. मी आधी जीमेलमध्ये शाखावार, गाववार, साहेबवार अशी चाळीसेक लेबलं केली होती. आठवड्यात विसरले की कुठलं कशाला. तेव्हा आठवली सहा गठ्ठे पद्धत, जी प्रशिक्षणात ऐकून मी झोपले होते. प्रत्येक टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत ठेवायचे: कार्यवाही चालू असलेली प्रकरणं, दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहणारी, नियतकालिकं म्हणजे ठरावीक मुदतीने पाठवायचे अहवाल, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात जाणारी निकाली प्रकरणं आणि नष्ट करायचे कागद. मी चाळीस लेबलं पुसली आणि ही सहा केली. तीच आजतागायत चालू आहेत.

यातलं सोनं म्हणजे दुसरा गठ्ठा, प्रतीक्षाधीन. आपण माहिती मागवली, ग्रामपंचायतीतून ती यायची आहे, आणि आपण मात्र "पाठवलं" म्हणून निश्चिंत. पाठवलेल्या मेललाही हे लेबल लावा. दर सोमवारी कार्यविवरण नोंदवहीचा (टेबलावर आलेल्या पत्रांचं काय झालं ते लिहायच्या वहीचा) गोषवारा काढता तेव्हाच हा गठ्ठा उघडा, स्मरणपत्रं तिथल्या तिथे निघतात. २००५ च्या विलंब कायद्यानुसार फाइल साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त एका टेबलावर राहायला नको. पहिला गठ्ठा मी त्याच चाळणीतून पाहते. स्थायी आदेशांच्या गठ्ठ्यात फक्त शासन निर्णय आणि परिपत्रकं ठेवते. ती एकदा उतरवून पीडीएफमध्ये साठवली की दर वेळी शेजारच्या टेबलाला "तो जीआर आहे का हो?" विचारावं लागत नाही.

सहावा गठ्ठा जपून. मेल पुसणं सोपं आहे, पण माहिती अधिकार कायद्यातल्या माहितीच्या व्याख्येत ईमेल शब्दशः लिहिलेला आहे. अर्ज आला की तीस दिवस असतात. अभिलेखाची अ, ब, क, ड वर्गवारी कागदाला लागते तशी मेललाही लावायची: अ कायमचा, ब तीस वर्षांचा, आणि ड वर्षभराने जाणारा. शुभेच्छा, बैठकीची वेळ बदलल्याचे निरोप, निरंक (कळवण्यासारखं काही नसलेल्या) अहवालाच्या पोचा असल्या गोष्टीच ड मध्ये घाला. ज्या प्रकरणात अपील किंवा कोर्टबाजी चालू आहे त्यातलं एक अक्षरही पुसू नका.

फायलींची नावं हा तर वेगळाच तमाशा. माझ्या आधीच्या टेबलधारकाच्या डेस्कटॉपवर मला "अंतिम", "अंतिम नवीन", "अंतिम साहेबांनी पाहिलेले" आणि "हेच घ्या" अशा एकाच यादीच्या चार फायली सापडल्या. "हेच घ्या" सगळ्यांत जुनी निघाली. उपाय मला शासन निर्णयातच सापडला. प्रत्येक जीआरच्या शेवटी अठरा आकडी संकेतांक असतो. त्याचे पहिले आठ आकडे नीट पाहा: वर्ष, महिना, दिवस. याच क्रमाने नाव सुरू केलं की फायली आपोआप तारखेच्या ओळीत उभ्या राहतात. १७ जून २०२४ चं पत्र असेल तर: २०२४०६१७, मग आवक किंवा जावक क्रमांक, मग दोन-तीन शब्दांत विषय. मसुद्याला शेवटी म१, म२ आणि सही झालेल्याला "स्थळप्रत", म्हणजे कार्यालयात राहणारी प्रत. अंतिम हा शब्द मी फाइलच्या नावातून हद्दपार केला आहे. आकडे मात्र सगळ्यांनी एकाच लिपीतले वापरा, शक्यतो इंग्रजी, नाहीतर शोधताना निम्म्या फायली सापडतात आणि निम्म्या नाही.

नाव लांबलचकही नको. विंडोजमध्ये फोल्डरसकट पूर्ण पत्त्याला साधारणपणे २६० वर्णांची मर्यादा असते, आणि मराठीत काना-मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगवेगळे मोजले जातात. "कर्मचाऱ्यांच्या" हा शब्द डोळ्यांना पाच अक्षरांचा दिसतो, संगणक त्याचे पंधरा मोजतो. फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर आणि आत असलं नाव, की पेनड्राइव्हवर उतरवताना फाइल हटून बसते.

याच शब्दाने मला आणखी एकदा रडवलं. एका प्रकरणात "कर्मचाऱ्यांची" हा शब्द टाकून जुनी पत्रं शोधत होते आणि डोळ्यांसमोर दिसणारं पत्र संगणकाला सापडत नव्हतं. कारण असं की ऱ्य हे जोडाक्षर युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टंकता येतं. एकात नुक्ता असलेला ऱ असतो, दुसऱ्यात साधा र आणि मध्ये न दिसणारा एक जोडवर्ण. दिसायला सारखं, शोधाला वेगळं. तेव्हापासून मी शोधताना "कर्मचा" एवढंच लिहिते. निवृत्ती, सेवाज्येष्ठता असल्या शब्दांतही शुद्धलेखनाचा घोळ असतोच, म्हणून शब्दाचा निर्विवाद तुकडा शोधा.

जुन्या फायली तर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टंकलेल्या असतात. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडल्या की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. त्या टाकाऊ नाहीत, बदलून देणारी साधनं आहेत. पण बदलल्यावर आकडे आणि जोडाक्षरं नजरेखालून घाला. मी एकदा तसं केलं नाही आणि वेतनवाढीच्या आदेशात एका ग्रामसेवकाचं आडनाव बदललं. नवीन पत्र मात्र युनिकोडमध्येच टंका. टायपिंग क्लासात शिकलेला टंकयंत्राचा कळफलक तिथेही चालतो, हात बदलावा लागत नाही.

डिजिटल सहीबद्दल थोडं. सही असलेली पीडीएफ उघडली की बऱ्याचदा पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं आणि लोक घाबरून फोन करतात. बहुतेक वेळा एवढाच अर्थ असतो की तुमच्या संगणकाने ते प्रमाणपत्र अजून विश्वासाचं मानलेलं नाही. सहीवर क्लिक करून तपशील पाहा, खातरी करा, मग विश्वास द्या. खरी चूक पुढची: अशी पीडीएफ छापून, स्कॅन करून पुन्हा पाठवणं. किंवा चार पीडीएफ एकत्र जोडणं. दोन्हीत सही मरते, उरतं ते सहीचं चित्र. मूळ फाइल जशीच्या तशी पाठवा आणि तीच जपा.

व्हॉट्सॲपचं काय, हे विचाराल. निम्मी पत्रं तिथेच येतात, तीही रात्री, "अत्यंत तातडीचे, आजच" असा शेरा मारून, तिरक्या फोटोत. ग्रुपवर भांडून काही होत नाही. मी एवढंच करते: सकाळी ते चित्र संगणकावर घेते, नाव बदलते, आवक क्रमांक देते आणि पाठवणाऱ्या शाखेला एका ओळीचा मेल टाकते की पत्र मिळालं, स्वाक्षरित प्रत मेलवर पाठवावी. तीनदा केल्यावर काहीजण आपणहून मेल करायला लागले. काही नाही लागले.

जावक करताना माझा क्रम उलटा असतो. आधी सहपत्र जोडते, मग मजकूर, आणि पाठवायचा पत्ता सगळ्यांत शेवटी. अर्धवट मेल सुटायचा प्रश्नच राहत नाही. जीमेलच्या सेटिंगमध्ये पाठवलेला मेल मागे घेण्याची मुदत तीस सेकंदांपर्यंत वाढवता येते, ती वाढवून घ्या. २५ एमबीपेक्षा मोठी फाइल ड्राइव्हची लिंक होऊन जाते, तेव्हा परवानगी दिली का ते पाहा. नाहीतर जिल्ह्यावरून रात्री परवानगीची विनंती येते आणि सकाळी माहिती अप्राप्त म्हणून आपलं नाव यादीत.

सगळ्यांत महाग पडलेली गोष्ट शेवटी सांगते. एकदा पासवर्ड चुकला आणि खातं उघडेना. ओटीपी गेला तो आठ वर्षांपूर्वी हे खातं काढणाऱ्या लिपिकाच्या मोबाइलवर. त्यांची बदली होऊन दोन तालुके झाले होते आणि तो नंबरही बंद. चार दिवस पंचायत समितीचा मेल बंद होता, आणि ते चार दिवस मार्चअखेरचे होते. शेवटी जुन्या एका संगणकावर खातं चालू राहिलेलं सापडलं म्हणून निभावलं. तेव्हापासून आमच्या कार्यभार यादीत (बदली होताना टेबल सोपवायच्या यादीत) दप्तर, शिक्के आणि कपाटाच्या किल्ल्यांच्या खाली या नोंदीही असतात: कार्यालयाचे सगळे ईमेल, त्यांना जोडलेला मोबाइल (कार्यालयाचा, कुणाचाही खासगी नाही), डिजिटल सहीचा डोंगल आणि त्याची मुदत, बॅकअपची हार्ड डिस्क कुठल्या कपाटात आहे ते. दिलेल्याची सही, घेतलेल्याची सही. पासवर्ड यादीत लिहायचा नाही. नवा माणूस शेजारी बसवून त्याच्याच हाताने बदलायचा.

गेल्या मे महिन्यात माझीही बदली झाली. परवा जुन्या कार्यालयातून नव्या मुलीचा फोन आला, आवाज रडवेला. "मॅडम, खातं उघडत नाहीये, तुम्हाला ओटीपी आला का?"

"मला कशाला येईल," म्हटलं. "कपाटाच्या दाराला आतून कार्यभार यादी चिकटवलीय. अनुक्रमांक चौदा बघ."

फोनवर कपाट उघडल्याचा आवाज आला.