जुन्या डेस्कटॉपवर प्रॉक्समॉक्स टाकून दोन-तीन सर्व्हर कसे चालवायचे

सर्व्हर म्हटलं की लोकांना एसी खोलीतलं रॅकच आठवतं, पण शिकायला किंवा छोट्या ऑफिसला धूळ खात पडलेला डेस्कटॉपही पुरतो, फक्त रॅम १६ जीबी असेल तर बरं, ८ मध्ये फार ओढाताण होते.

हायपरवायझर नावाचं सॉफ्टवेअर एकाच मशीनचा सीपीयू, रॅम, डिस्क वाटून देतं आणि प्रत्येक वाट्यात वेगळी ऑपरेटिंग सिस्टम चालते, तीच व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम. व्हर्च्युअलबॉक्स तुमच्या विंडोजच्या वर बसतं, लॅपटॉपवर खेळून बघायला ठीक, पण दिवसरात्र चालवायचं तर थेट हार्डवेअरवर बसणारं घ्या. त्यात व्हीएमवेअरचा दबदबा होता, मग २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रॉडकॉमने ती कंपनी घेतली, कायमची लायसन्सं विकणं बंद करून सबस्क्रिप्शन लावलं, आणि बरेच जण प्रॉक्समॉक्सकडे वळले. हेही थेट हार्डवेअरवर बसणारं, व्हिएन्नातल्या कंपनीचं, खाली डेबियन लिनक्स, आत केव्हीएम म्हणजे लिनक्समधलाच हायपरवायझर, वापरायला फुकट.

१. आधी बायॉस, म्हणजे मशीन सुरू होतानाच उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्ज. इंटेल असेल तर व्हीटी-एक्स, एएमडी असेल तर एसव्हीएम मोड चालू करा. मशीनवर विंडोज असेल तर टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक केलं की व्हर्च्युअलायझेशन चालू आहे की नाही ते दिसतं.

२. प्रॉक्समॉक्सचा आयएसओ (इन्स्टॉलरची फाइल) उतरवून एचर नावाच्या सॉफ्टवेअरने पेनड्राइव्हवर टाका आणि त्यावरून बूट करा. इन्स्टॉलर निवडलेली डिस्क पूर्ण पुसतो, तेव्हा जुने फोटो, टॅलीचा डेटा आधीच काढून घ्या. लॅन केबल लावा, व्हीएमना तुमच्या नेटवर्कशी जोडणारा ब्रिज वायफायवर धड चालत नाही. मशीनला आयपी राउटरच्याच रेंजमधला पण डीएचसीपीच्या (राउटर आपोआप वाटतो त्या आयपींच्या) बाहेरचा द्या, नाहीतर उद्या तोच आयपी कोणाच्या तरी मोबाइलला मिळेल.

३. आता मॉनिटर काढला तरी चालेल. दुसऱ्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये एचटीटीपीएस लावून तो आयपी आणि पुढे पोर्ट ८००६ टाका, सर्टिफिकेटची वॉर्निंग येते ती ओलांडून रूट (मुख्य अ‍ॅडमिन) म्हणून लॉगिन करा. सबस्क्रिप्शन नसल्याचा पॉपअप दर वेळी येतो, ओके करा आणि विसरा. पण रिपॉझिटरीजमध्ये (अपडेट जिथून येतात त्या जागांच्या यादीत) जाऊन पैसे भरणाऱ्यांसाठीच्या एंटरप्राइझवाल्या बंद करून नो-सबस्क्रिप्शन जोडा, नाहीतर अपडेट करताना एरर येत राहणार.

४. लोकल स्टोरेजमध्ये उबुंटू सर्व्हरचा आयएसओ अपलोड करा, मग क्रिएट व्हीएम. २ कोर, २ जीबी रॅम, ३२ जीबी डिस्क सुरुवातीला भरपूर.

इथे वाटणीचं नीट समजून घ्या. सीपीयू म्हणजे चाळीतला सामायिक नळ, सगळे एकाच वेळी बादली घेऊन येत नाहीत त्यामुळे ४ कोरच्या मशीनवर एकूण ८ कोर वाटले तरी सहसा निभावतं. रॅमला हे लागू नाही, दिलेली रॅम हळूहळू अडकतेच, म्हणून २ जीबी प्रॉक्समॉक्सला राखून उरलेली वाटा. डिस्क तर कागदावर कितीही वाटता येते, पण खरी जागा संपली की व्हीएम आय-ओ एरर देऊन जागच्या जागी अडकतात, उरलेल्या जागेचा आकडा अधूनमधून बघत जा.

५. व्हीएममध्ये विंडोज टाकताना डिस्कला व्हर्टआयओ (व्हीएमसाठीचा वेगवान डिस्क प्रकार) निवडलं असेल तर सेटअप अर्ध्यावर येऊन डिस्कच दाखवत नाही. घाबरू नका, व्हर्टआयओ ड्रायव्हरचा आयएसओ दुसऱ्या सीडी ड्राइव्हला लावा, लोड ड्रायव्हर दाबून तिथून ड्रायव्हर द्या, डिस्क लगेच दिसते.

६. अपडेट किंवा उचापत करण्याआधी स्नॅपशॉट, म्हणजे व्हीएमच्या त्या क्षणाच्या स्थितीची नोंद, घ्या, बिघडलं तर रोलबॅक करून तिथे परत. पण स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे हो, तो त्याच डिस्कवर असतो, डिस्क गेली की दोन्ही गेले! आणि गंमत म्हणजे प्रॉक्समॉक्सचा बॅकअपसुद्धा आपणहून त्याच मशीनच्या लोकल स्टोरेजमध्ये पडतो, म्हणून डेटासेंटरच्या स्टोरेजमध्ये नॅस (नेटवर्कवरचं स्टोरेज) किंवा बाहेरची यूएसबी डिस्क जोडा, रात्रीचं शेड्यूल लावा आणि एकदा तरी वेगळा व्हीएम आयडी देऊन रिस्टोअर करून बघा, सुरू करण्याआधी त्या कॉपीचं नेटवर्क तेवढं काढून ठेवा, नाहीतर एकाच आयपीचे दोन सर्व्हर भांडत बसतील.