अमेरिकेतला राष्ट्रीय प्रार्थना दिन: कार्यक्रम आखताना

आधी तारीख पक्की करा. 1952च्या कायद्याने दिवस ठरवणं राष्ट्राध्यक्षांवर सोडलं होतं, फक्त रविवार नको एवढीच अट. 1988च्या दुरुस्तीने मे महिन्याचा पहिला गुरुवार ठरला. म्हणजे तारीख 1 ते 7च्या दरम्यान फिरते. 2026मध्ये 7 मे. गेल्या वर्षीची तारीख तशीच छापली की पत्रक चुकलंच.

या दिवशी सुट्टी नसते, म्हणून दुपारी बाराची वेळ धरा आणि अर्ध्या तासात आटपा. लांबलं की जेवणाच्या सुट्टीत आलेली माणसं मधूनच उठतात. नगरपालिकेच्या पायऱ्या किंवा बाग हवी असेल तर परवानगी काही आठवडे आधी मागा; ध्वनिक्षेपकाची अनेक ठिकाणी वेगळी लागते.

कायदा कुठल्याही एका धर्माचं नाव घेत नाही, पण बरेच स्थानिक कार्यक्रम ख्रिस्ती संस्थाच भरवतात. तिथे पसायदान म्हणायचं असेल तर आयोजकांना आधी विचारा, ऐनवेळी माईक मागू नका. सर्वधर्मीय सभेत प्रत्येकाला तीन मिनिटं पुरतात. ऑफिसात मात्र उपस्थितीची सक्ती नको. साहेबाने हाताखालच्यांना दिलेलं आमंत्रणही सक्तीसारखंच वाटतं.