शाळेत मुलांचं कौतुक करताना या चुका टाळा

26 जानेवारीच्या दुसऱ्या दिवशी दुसरीतल्या एका मुलाला मी विचारलं, "काल तुला बक्षीस मिळालं ना? कशाबद्दल?"

"कंपास मिळाला."

"हो, पण कशाबद्दल रे?"

तो बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "तुम्ही नाव पुकारलं म्हणून."

जूनपासून त्या मुलाचा एकही खाडा नव्हता. ओढ्याला पाणी आलेलं असताना तो वरच्या वाटेने फिरून यायचा. हे आम्ही माईकवरून सांगितलंच नव्हतं. नाव पुकारलं, कंपास दिला, फोटो काढला आणि पुढचं नाव घेतलं.

बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात पहिली ते चौथीच्या द्विशिक्षकी शाळेवर मी बरीच वर्षं शिकवते आहे. खालच्या बहुतेक चुका मी स्वतः केलेल्या आहेत. तुमच्याही शाळेत गॅदरिंगची किंवा बक्षीस समारंभाची तयारी चालू असेल, तर यातलं जमेल तेवढं आधीच बदलून घ्या.

मुलं खाली बसलेली आणि सत्कार मोठ्यांचे

दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत, प्रास्ताविक, मग एकेका पाहुण्याला शाल-श्रीफळ, मग मनोगतं. पहिलीची पोरं सकाळी नऊपासून सतरंजीवर बसलेली असतात. साडेअकराला त्यांची नावं येतात तेव्हा कोणी पेंगलेलं असतं, कोणी लघवीला गेलेलं असतं, कोणाचं नाव पुकारूनही त्याला ऐकू आलेलं नसतं. पालकही तोवर रानाच्या कामाला उठून गेलेले असतात.

उपाय सोपा आहे, पण तो कार्यक्रमाच्या दिवशी करता येत नाही. क्रम शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठरवून घ्या आणि इतिवृत्तात लिहा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. "मुलांची बक्षिसं आधी, बाकीचं नंतर" हा ठराव आयांनीच मांडला तर गावात कोणाला वाईट वाटत नाही. सरपंचांना आणि केंद्रप्रमुखांना आदल्या दिवशी भेटून सांगा. पाहुण्यांचं स्वागत एकत्र, एकेक गुलाब किंवा एकेक पुस्तक देऊन करा. पहिली-दुसरीची बक्षिसं पहिल्या अर्ध्या तासात आटोपली पाहिजेत. एवढ्या लहान मुलांकडून त्याहून जास्त वेळ बसण्याची अपेक्षा ठेवणं अन्यायाचं आहे.

तीच ती पाच नावं

वक्तृत्वात पहिली, हस्ताक्षरात पहिली, धावण्यात दुसरी, परिपाठात सुविचार सांगणारीही तीच. प्रत्येक शाळेत अशी चार-पाच मुलं असतात. त्यांचं कौतुक झालंच पाहिजे. पण वर्षभर बाकीच्यांच्या वाट्याला फक्त टाळ्या वाजवणं येतं, आणि ते आपल्या लक्षातही येत नाही, कारण स्पर्धा प्रामाणिक झालेल्या असतात.

मी हजेरीपटाची एक झेरॉक्स काढून टेबलाच्या काचेखाली ठेवते. परिपाठात, फळ्यावर, पालकांसमोर, कुठेही एखाद्या मुलाचं नाव कौतुकाने घेतलं की त्या ओळीत तारीख आणि दोन शब्द लिहिते. पहिल्या वर्षी सप्टेंबरअखेर ती पाहिली तेव्हा अठ्ठावीसपैकी अकरा ओळी कोऱ्या होत्या. त्यातली सात मुलं बंजारा तांड्यावरची होती. घरी गोरमाटी ही बंजारा बोली बोलणारी, वर्गात गप्प बसणारी. मी भेदभाव करत नाही असं तोपर्यंत मला मनापासून वाटत होतं.

कोरी ओळ भरायची म्हणून काहीतरी खोटंच बोलू नका. सगळ्यांना सरसकट पदकं वाटण्यानेही काही साधत नाही. ज्याने काही केलं त्याचं आणि ज्याने केलं नाही त्याचं पदक सारखंच, हे मुलांना लगेच कळतं. कोरी ओळ ही आपल्याला दिलेली सूचना आहे: या मुलाकडे आठवडाभर नीट बघ. मी बघितलं. एक मुलगी रोज धाकट्या भावाला अंगणवाडीत सोडून, त्याचं नाक पुसून, मग वर्गात येत होती. एक मुलगा परसबागेतल्या वांग्यांना न सांगता पाणी घालत होता. एक जण जूनमध्ये अक्षरं लावत होता आणि आता परिच्छेद वाचत होता. बाकीचे गोष्ट वाचू लागल्यामुळे त्याची ही झेप कोणाच्या डोळ्यांत भरली नव्हती. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट या पायऱ्या आपण नोंदवतोच. मूल कोणत्या पायरीवर आहे यापेक्षा ते कुठून कुठे आलं ते सांगा. मग कौतुकाला खरी कारणं मिळायला लागतात.

आणखी एक साधन आपल्या हातातच आहे. 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयापासून आपण सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात वर्णनात्मक नोंदी लिहितो. त्या छापील पुस्तिकेतून उतरवल्या तर "उपक्रमात उत्साहाने सहभागी होतो" हे वाक्य तीस मुलांपुढे येतं आणि त्यातून एकाही मुलाचा चेहरा दिसत नाही. नोंद स्वतः पाहून लिहिलेली असेल, तर बक्षीस समारंभात माईकवरून वाचायचं वाक्य तयारच असतं.

"हुशार आहेस", "छान", "शाब्बास"

या शब्दांत प्रेम असतं, पण माहिती नसते. 1998 साली क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांचा पाचवीच्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कोडी सोडवल्यावर काहींना "तू हुशार आहेस" म्हटलं, काहींना "तू मेहनत घेतलीस" म्हटलं. पुढे अवघड कोडी आली तेव्हा हुशार म्हटलेली मुलं लवकर खचली आणि सोपं काम निवडू लागली. आपण हुशार नाही हे उघडं पडेल, याची त्यांना भीती होती.

म्हणून वाक्य बदला. "हस्ताक्षर सुंदर" असं म्हणण्यापेक्षा "तुझ्या वेलांट्या आता वळणदार येतात, गेल्या महिन्यात त्या रेषेखाली घसरायच्या" असं म्हणा. "गणितात हुशार" असं म्हणण्यापेक्षा "हातच्याची वजाबाकी चुकली तेव्हा तू काड्यांचे गठ्ठे सोडून पुन्हा मोजलंस" असं सांगा. प्रत्येक प्रमाणपत्रावर एक रिकामी ओळ ठेवा आणि ती हाताने भरा. अठ्ठावीस मुलांसाठी एक संध्याकाळ लागते. घरी आजीला ते प्रमाणपत्र वाचून दाखवताना मूल हीच ओळ वाचतं.

बक्षिसाचं आमिष

आम्ही एकदा जाहीर केलं: "वीस पुस्तकं वाचणाऱ्याला पेन." पंधरा दिवसांत पेटीतली सगळी पातळ पुस्तकं फिरली, जाडी पुस्तकं तशीच राहिली. पेनं वाटून झाली आणि पेटी पुन्हा बंद पडली. 1973 साली मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला स्टॅनफर्डच्या बालशाळेतला प्रयोग मी नंतर वाचला. चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांना आधीच सांगितलं की काढाल तर प्रमाणपत्र मिळेल. काही दिवसांनी ती मुलं मोकळ्या वेळात चित्रांकडे इतरांच्या निम्म्यानेच वळली. न सांगता अचानक प्रमाणपत्र मिळालेल्या मुलांची आवड मात्र कमी झाली नाही.

आता आम्ही वाचनाला बक्षीस लावत नाही. 15 ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला प्रत्येक मूल आपल्याला आवडलेल्या पुस्तकातलं एक पान मोठ्याने वाचतं, एवढंच. बक्षीस द्यायचंच असेल तर काम झाल्यावर, आधी न सांगता द्या.

गॅदरिंगची तारीख

आमच्या भागातली सगळ्यात मोठी चूक हीच, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. गॅदरिंग जानेवारी-फेब्रुवारीत ठेवायची पद्धत आहे. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाच्या टोळ्या निघतात. आईवडील ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात. काही मुलं आजी-आजोबांजवळ हंगामी वसतिगृहाच्या आधाराने गावात राहतात, बाकीची आईवडिलांबरोबर कोपीवर, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या तात्पुरत्या झोपडीवर, जातात. ती परत येतात मार्च-एप्रिलमध्ये. म्हणजे शाळेच्या सगळ्यात मोठ्या दिवशी शाळेतली बरीच मुलं जागेवर नसतात, आणि जी असतात त्यांतल्या अनेकांना बघायला आईवडील नसतात.

एकदा तिसरीतली एक मुलगी एप्रिलमध्ये परत आली. व्हरांड्यात गॅदरिंगचे फोटो लावले होते. ती एकेका फोटोवर बोट ठेवत शेवटपर्यंत गेली. मग म्हणाली, "बाई, माझं चित्र पण काढून टाकलं?" ऑगस्टमध्ये तिने काढलेलं बैलपोळ्याचं चित्र त्या जागी होतं. फोटोंना जागा हवी म्हणून मीच ते उतरवलं होतं.

त्या वर्षीपासून आम्ही दोन छोटे कार्यक्रम करतो. पहिला दसऱ्याच्या आधी, टोळ्या निघण्यापूर्वी. त्यात जून ते सप्टेंबरमधलं सगळं येतं. दुसरा एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात, संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. जानेवारीत काही झालंच तर गेलेल्या मुलांची नावंही पुकारतो आणि त्यांचं प्रमाणपत्र पाकिटात घालून ठेवतो. आईवडिलांच्या फोनवर वर्गातल्या मुलांच्या आवाजात निरोप पाठवतो. तुमच्याकडे ऊसतोड नसेल. भातलावणी असेल, वीटभट्टी असेल, मासेमारीचा हंगाम असेल. तारीख ठरवण्याआधी हजेरीपट उघडून त्या महिन्यात कोण नसतं ते बघा.

नाच, भाड्याचे ड्रेस आणि महिनाभराच्या तालमी

ड्रेसच्या भाड्याला दोन-तीनशे रुपये मागितले की काही मुलं दुसऱ्या दिवसापासून "मला नाचायला आवडत नाही" म्हणू लागतात. ते खरं मानू नका. घरातल्या कपड्यांत होईल तेच बसवा. वर्गातली सगळी मुलं एकदा तरी स्टेजवर येतील असं काही निवडा: भारूड, जात्यावरच्या ओव्या, समूहगीत, मुलांनी रचलेलं छोटं नाटक. तालीम शेवटच्या तासाला, पंधरा दिवसांहून जास्त नको.

आणि मुलांचं लिहिलेलं वाचू द्या. 1855 साली "ज्ञानोदय"मध्ये मुक्ता साळवे या मुलीचा निबंध तिच्या नावानिशी छापून आला. ती फुले दांपत्याच्या शाळेत शिकत होती. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने स्वतः लिहिलेले शब्द आज पावणेदोनशे वर्षांनी आपण वाचतो. आपल्या मुलांच्या वह्यांतही त्यांचं स्वतःचं काही असतं. 3 जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, पाठ करून घेतलेल्या भाषणांऐवजी मुलींनी स्वतः लिहिलेल्या पाच ओळी वाचून घ्या. अडखळल्या तरी चालेल.

फोटो

गणवेश, वह्या किंवा सायकल घेतानाचा मुलाचा फोटो हे कौतुक नव्हे. मदत मिळणं ही मुलाची कामगिरी नसते, आणि तो फोटो गावाच्या ग्रुपवर फिरला की त्याला वर्गात तोंड दाखवायला लाज वाटते. असे फोटो काढू नका. देणाऱ्याला पुरावा हवाच असेल, तर मुख्याध्यापकांच्या सहीची पोच द्या.

शिष्यवृत्ती किंवा नवोदयच्या निकालाचे फ्लेक्स लावताना मुलाचं पूर्ण नाव, गुण, गाव, फोटो असं सगळं एकत्र टाकायची सवय सोडली पाहिजे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. जूनमध्ये प्रवेशाच्या वेळीच संमतीचा कागद भरून घ्या. वाचता न येणाऱ्या पालकांना तो वाचून दाखवा. आणि मुलालाही विचारा. सात वर्षांचं मूल "नको" म्हणालं तर त्याचं ऐका.

ऐन वेळी गडबड झाली तर

नाव चुकीचं पुकारलं: तिथेच थांबा, बरोबर नाव पुन्हा घ्या, टाळ्या पुन्हा वाजवा. जनरल रजिस्टरातलं नाव आणि घरातलं नाव वेगळं असतं, म्हणून आदल्या दिवशी प्रत्येक मुलाला "तुला कोणत्या नावाने पुकारू?" असं विचारून यादी करा.

मूल स्टेजवर रडायला लागलं: माईक काढून घेऊ नका, "अरे वाघ ना तू" असंही म्हणू नका. शेजारी जाऊन गुडघ्यावर बसा. खाली यायचं म्हणालं तर हात धरून घेऊन या आणि आठवड्याभरात वर्गात, आठ-दहा मुलांसमोर, पुन्हा संधी द्या.

पालक भांडायला आले, "माझ्या पोराला का नाही?": बहुतेक वेळा प्रश्न बक्षिसाचा नसतोच. हजेरीपटाची ती झेरॉक्स समोर ठेवा आणि त्या मुलाची ओळ वाचून दाखवा. ओळ कोरी असेल तर मान्य करा.

एखाद्याचं नाव यादीतून राहून गेलं: "पुढच्या वर्षी" म्हणू नका. त्याच दिवशी, शाळा सुटायच्या आत, सगळ्या मुलांना पुन्हा ओळीत उभं करा, माईक नसेल तर मोठ्याने नाव घ्या आणि कशाबद्दल ते सांगा. बक्षीस उरलं नसेल तर फळ्यावर नाव लिहा आणि दुसऱ्या दिवशी ते कोणी पुसणार नाही याची काळजी घ्या.